गोयानियाची पिशवी आणि आपल्या जिल्ह्यातला आरएसओ

लिंबलोण

गेल्या शनिवारी सकाळी सात ते दुपारी दोन मी किरणोत्सर्गाच्या आणीबाणीच्या सरावात, एका शाळेच्या जिममध्ये, अनोळखी माणसांच्या अंगावरून गायगर काउंटर (किरणोत्सर्ग मोजायचं यंत्र) फिरवत उभी होते. आदल्या रात्री आईला फोनवर सांगितलं तर म्हणाली, "पैसे देतात का?" नाही म्हटल्यावर, "मग जेवण तरी?" जेवण होतं. गार पिझ्झा.

मी ओहायोतल्या एका इस्पितळात मेडिकल फिजिसिस्ट आहे आणि तिथली रेडिएशन सेफ्टी ऑफिसर, म्हणजे आरएसओ. (लग्नकार्यात हे सांगितलं की निदान दोन काकू गुडघेदुखीवर व्यायाम विचारतात. फिजिसिस्ट आणि फिजिओ यांतला फरक सांगणं मी सोडून दिलंय. सांगते एखादा व्यायाम.)

इथे बहुतेक काउंट्यांत मेडिकल रिझर्व्ह कोअर नावाची स्वयंसेवकांची पलटण असते. २००१च्या हल्ल्यांनंतर मदतीला धावलेल्या डॉक्टर-नर्सना, कोण कुठला ते तपासायची सोय नव्हती म्हणून, धड कामाला लावता आलं नाही. त्यातून २००२मध्ये ही सुरू झाली. तिच्यात डॉक्टर, परिचारिका, फार्मसिस्ट भरपूर, पण किरणोत्सर्ग मोजता येणारं माणूस औषधालाही नाही. म्हणून २०१०नंतर सीआरसीपीडी या राज्यांच्या किरणोत्सर्ग-नियंत्रण अधिकाऱ्यांच्या संघटनेनं सीडीसी या केंद्रीय आरोग्य संस्थेच्या मदतीनं आमच्यासारख्यांना त्यात ओढायला सुरुवात केली. इस्पितळातले फिजिसिस्ट, न्यूक्लिअर मेडिसिनचे टेक्नॉलॉजिस्ट, विद्यापीठांचे आरएसओ, अणुवीज केंद्रातून निवृत्त झालेले आजोबा, सगळे.

आम्ही स्फोटाच्या जागी जायचं नसतं. तिथे अग्निशमन दल आणि सरकारी पथकं जातात. आमचं ठिकाण वस्तीच्या बाहेर: शाळेत किंवा स्टेडियमवर उघडणारं स्वागतकेंद्र. 'कम्युनिटी रिसेप्शन सेंटर' या नावामुळे लग्नाच्या हॉलचा भास होतो, पण रचना मोठ्या देवस्थानाच्या दर्शनबारीसारखी असते. आधी जखमी बाजूला काढायचे, मग मोजणी. अंगावर काही सापडलं तर कपडे बदलून आंघोळीकडे, नाही तर थेट नोंदणीकडे. मळलेला माणूस आणि स्वच्छ माणूस पुन्हा एका रांगेत येता कामा नये. कागदावर सोपं आहे. लेकरू आंघोळीच्या रांगेत आणि आई नोंदणीच्या रांगेत अशी पहिली जोडी आली की सगळे बाण आणि फिती संपतात.

सरावात काही 'बाधितां'च्या कपड्यांत जुन्या गॅसबत्तीचं मँटल लपवलेलं असतं. हो, तेच पांढरं जाळीचं, आजोळी गणपतीत पेटवायचे ते. त्यात थोरियम असतं, मीटर छान कटकटतो. प्रोब अंगापासून सेंटीमीटरभर लांब धरायचा आणि सेकंदाला तीन-चार सेंटीमीटर, यापेक्षा जोरात न्यायचा नाही. डोकं, चेहरा, खांदे, तळहात, बुटांचे तळ. एका माणसाला तीन मिनिटं लागतात. मी दोन मँटलं पकडली. तिसरं माझ्या नाकासमोरून एका काकांच्या पँटच्या दुमडीत बसून नोंदणीच्या टेबलापर्यंत गेलं.

आणि ज्याच्याकडे मँटल नव्हतंच असा एक स्वयंसेवक आत येताच दारातला पोर्टल मॉनिटर (किरणोत्सर्ग मोजणारी चौकट) बोंबलला! पाच मिनिटं धावपळ. विचारल्यावर कळलं, दोन आठवड्यांपूर्वी थायरॉइडसाठी किरणोत्सारी आयोडीन-१३१ घेतलंय. माझ्या रोजच्या कामात हे पेशंट असतातच, म्हणून मला विचारायचं सुचलं. शेजारच्या पोलिसाला सुचलं नसतं, आणि त्यात त्याची चूक नाही.

या सगळ्याचं मूळ माझ्या डोक्यात गोयानियाचं आहे. ब्राझीलमधलं शहर, सप्टेंबर १९८७. बंद पडलेल्या क्लिनिकमधलं कर्करोगाच्या उपचाराचं जुनं यंत्र दोघांनी भंगार म्हणून उचललं. आत किरणोत्सारी सिझियम-१३७. ते फोडलं, भंगारवाल्याला विकलं. अंधारात निळं चमकणारी पूड, लोकांनी कौतुकानं वाटून घेतली, अंगाला लावली. माणसं आजारी पडू लागल्यावर भंगारवाल्याच्या बायकोला संशय आला आणि ती ते अवशेष पिशवीत घालून बसनं आरोग्य खात्याच्या कचेरीत घेऊन गेली. त्या दिवसांत एक मेडिकल फिजिसिस्ट त्या गावी सहज आला होता. एका डॉक्टरच्या सांगण्यावरून त्यानं युरेनियम शोधणाऱ्या सरकारी कचेरीतून मोजणीयंत्र उसनं आणलं. निघाल्यावर वाटेत सुरू केलं तर काटा टोकाला जाऊन चिकटला, कुठेही वळवा, तेच. त्याला वाटलं यंत्र बिघडलंय. परत जाऊन दुसरं आणलं. तेही तसंच. तोवर अग्निशमन दलाचे लोक कचेरीत पोचले होते आणि ती पिशवी नदीत टाकायच्या बेतात होते. त्यानं त्यांना थांबवलं.

त्याला कुणी अधिकृतपणे बोलावलं नव्हतं. तो कुठल्या यादीत नव्हता. गावात होता, एवढंच.

पुढे तिथल्या ऑलिम्पिक स्टेडियमवर १ लाख १२ हजारांवर लोकांची तपासणी झाली. अंगावर किंवा शरीरात सिझियम सापडलं २४९ जणांच्या. चौघं दगावले. आता माझ्या तीन मिनिटांचा हिशेब लावा: दहा यंत्रं, तासाला दोनशे माणसं, म्हणजे ५६० तास. त्यातला जवळजवळ सगळा वेळ "तुमच्या अंगावर काही नाही" हे सांगण्यात जातो. काम बहुतांशी तेच आहे, आणि ते सांगणाऱ्याला मीटर कळत असेल तरच समोरचा माणूस घरी जाऊन झोपतो.

तर प्रश्न असा: आपल्याकडे हे कसं चालतं? इथे कुणी आरएसओ, न्यूक्लिअर मेडिसिनवाले, बीएआरसीतले (भाभा अणुसंशोधन केंद्रातले) निवृत्त असतील तर लिहा.

खवट_खोबरं

धागा आवडला, पिझ्झा सोडून.

पण शंका काढणं हा माझा धर्म. सरकार कर घेतं, त्या पैशात पथकं ठेवतं. मग हे काम फुकटात तुम्ही का करायचं? आणि उद्या तुम्ही "काही नाही" म्हणून घरी पाठवलेल्या माणसाला दहा वर्षांनी कॅन्सर झाला, तर तो कुणाच्या दारात येणार? आपल्याकडचं 'मदत करणाऱ्याला त्रास नको' हे कायद्याचं संरक्षण २०१९च्या मोटार वाहन दुरुस्तीतलं आहे, रस्ते अपघातापुरतं. गायगर काउंटर घेऊन उभ्या माणसाला ते लागू होत नाही.

द्राक्षवेल

मी नाशिकला परिचारिका आहे, १९ वर्षं कॅज्युअल्टीत. एकच विचारायचं होतं. असा पेशंट आला तर आम्ही हात लावायचा की नाही? खरं सांगते, आम्हाला कुणी शिकवलेलं नाही. एक्स-रे रूमबाहेरचं तीन पाकळ्यांचं चिन्ह सोडून काही माहीत नाही. कोविडच्या सुरुवातीला जी भीती पाहिली तीच पुन्हा होईल असं वाटतं.

लिंबलोण

@द्राक्षवेल, हात लावायचा. आधी जीव, मग धूळ. रक्तस्राव, श्वास, हाड, जे आधी बघायचं ते आधीच बघायचं, सिझियम थांबू शकतं. गाऊन, मास्क, दोन जोड हातमोजे, वरचा जोड बदलत राहायचा, एवढ्यावर भागतं. बाहेरचे कपडे काळजीपूर्वक उतरवून पिशवीत बांधले की अंगावरचं बरंचसं जातं. आमच्या प्रशिक्षणात ९० टक्क्यांपर्यंत म्हणतात. उरलेलं साबण-पाण्यानं. घासायचं नाही, कातडी सोलवटली तर तेच आत जाईल.

गोंधळ होतो तो दोन गोष्टींत. शेकोटीची धग लागली म्हणून माणूस शेकोटी होत नाही. एक्स-रे काढलेला, कोबाल्टच्या उपचार-यंत्राखाली झोपलेला माणूस तसा, त्याच्यापासून कुणाला काही नाही. पण धुळवडीचा रंग अंगाला लागला की तो तुमच्याबरोबर घरात येतो, सोफ्याला लागतो, पोराच्या गालाला लागतो. आम्ही मीटरनं शोधतो तो हा रंग. समोरच्या पेशंटला धग लागली की रंग लागला, हे ठरवून देणारं कुणी कॅज्युअल्टीच्या दारात उभं असेल तर तुमचं अर्धं भय जाईल.

@खवट_खोबरं, इथेही संरक्षण राज्याराज्यांत वेगळं आहे, म्हणून तर नावनोंदणी, ओळखपत्र, चारित्र्य पडताळणी आणि फेमा या केंद्रीय आपत्ती-खात्याचे ते कंटाळवाणे ऑनलाइन कोर्स. बोलावल्याशिवाय जायचं नाही हा पहिला नियम. आणि मी "तुम्हाला धोका नाही" असं कधीच म्हणत नाही. म्हणते, "तुमच्या अंगावर मर्यादेच्या वर काही सापडलं नाही," आणि आकडा लिहून सही करते. मी सही तेवढ्याच वाक्यावर करते.

फुकट का, याला माझ्याकडे उदात्त उत्तर नाही. २०२१मध्ये याच पलटणीतून मी लसीकरणाच्या रांगेत खुर्च्या लावल्या. किरणोत्सर्गाशी संबंध शून्य. पण त्यामुळे काउंटीचा आरोग्य अधिकारी मला नावानं ओळखतो. उद्या खरंच काही झालं तर त्याला माझा नंबर शोधावा लागणार नाही.

बोईसरकर

तारापूरच्या अणुवीज केंद्राच्या बाजूचा माणूस म्हणून लिहितो. आमच्याकडे हा विषय वर्तमानपत्रात वाचायचा नाही, खिडकीतून दिसतो. पहिल्या दोन अणुभट्ट्या १९६९च्या, वीज बनवणाऱ्या देशातल्या पहिल्या. केंद्राभोवती १६ किलोमीटरपर्यंतचा टापू आणीबाणीच्या आराखड्यात धरतात, आणि जिल्हा प्रशासनाला बरोबर घेऊन बाहेरच्या गावांतली रंगीत तालीम होते. लहानपणी जीप फिरायची, भोंगा वाजायचा, "घरात राहा, दारं-खिडक्या लावा" असं ओरडून सांगायचे. आम्ही पोरं जीपमागं धावायचो. तालमीचा उद्देश त्या दिवशी पार पडला नसावा.

पण लिंबलोण यांनी लिहिलेल्या "सांगणाऱ्याला मीटर कळत असेल तर" या वाक्याला एक जोडायचंय. मीटर कळणं पुरत नाही. तीन-चार नंबरच्या भट्ट्यांसाठी पोफरण आणि अक्करपट्टी ही गावं उठली. पुनर्वसनाचं भांडण वर्षानुवर्षं चाललं. त्या घरातल्या म्हातारीला प्रकल्पाचा माणूस येऊन "आजी, काही नाही" म्हणाला तर ती ऐकणार आहे का? तिचा अनुभव वेगळं सांगतो. पण पालघरच्या इस्पितळात तिच्या सुनेचा सीटी स्कॅन करणारा पोरगा मीटर घेऊन आला, तर कदाचित ऐकेल. मला स्वयंसेवक हवेत ते एवढ्यासाठी. पथकं कमी पडतात असं मी म्हणत नाही. पथकं आमची नाहीत.

लिंबलोण

@बोईसरकर, हे मला सुचलं नव्हतं. इथे बसून सुचलंही नसतं.

कृष्णाकाठ

नमस्कार. मी सांगली-मिरज पट्ट्यात रेडिओथेरपीचा आरएसओ. धागा आल्यापासून वाचतोय, ड्यूटीमुळे लिहायला उशीर.

आपल्याकडचं थोडक्यात. आरएसओची नेमणूक एईआरबी या अणुऊर्जा नियामक मंडळाच्या मान्यतेनं होते, रेडिओथेरपीला लेव्हल ३ची मान्यता लागते. आमच्यापैकी बरेच बीएआरसीतून रेडिओलॉजिकल फिजिक्सचा डिप्लोमा केलेले. तिथे आणीबाणीचं शिकवतात, चांगलं शिकवतात. खात्यात सर्व्हे मीटर असतो, छातीवर अंगाला लागलेला डोस नोंदणारा टीएलडी बॅज असतो, तो दर तीन महिन्यांनी मोजायला जातो. डोसची मर्यादा पाच वर्षांच्या सरासरीनं वर्षाला २० मिलिसिव्हर्ट (हे डोसचं एकक), एका वर्षात ३०च्या वर नाही. आमच्या खात्यात दोनसुद्धा होत नाहीत. म्हणजे ज्ञान आहे, यंत्र आहे, सवय आहे. मोठी पथकंही आहेत. अणुऊर्जा विभागाची आणीबाणी प्रतिसाद केंद्रं देशभर आहेत, एनडीआरएफची पाचवी बटालियन आपल्या पुण्याजवळ सुदुंबऱ्याला. पण सुदुंबरे ते सांगली चार-पाच तास. तेवढ्या वेळात माझ्या कपाटातला सर्व्हे मीटर कपाटातच असणार, कारण कलेक्टर कचेरीत माझं नाव कुणाला माहीत नाही.

२०१९च्या पुराचं सांगतो. कृष्णेचं पाणी रस्त्यावर आलं तेव्हा आमच्या तळघरात ब्रॅकीथेरपीचा (गाठीजवळ सोर्स नेऊन करायच्या कर्करोग-उपचाराचा) किरणोत्सारी इरिडियम-१९२चा सोर्स होता. साबुदाण्याच्या दाण्यापेक्षा लहान वस्तू. सोर्स आपल्या तिजोरीत सुरक्षित होता, यंत्र बंद, वीज गेलेली. पण पाणी आत आलं तर नंतर चिखल उपसायला कोण येणार? बाहेरचे मजूर, पालिकेची माणसं. त्यांना कोण सांगणार की ही पेटी लोखंडी आहे म्हणून उचलून भंगारात टाकायची नाही? मी आणि एक टेक्निशियन तिथे दोन रात्री राहिलो, दर तीन तासांनी रीडिंग घेऊन भिंतीवर खडूनं लिहीत. पाणी पायऱ्यांपर्यंत येऊन थांबलं. नंतर व्यवस्थापनानं विचारलं, दोन दिवस कामावर का आला नाहीत. हजेरीचं मशीन वीज नसल्यानं बंद होतं.

मायापुरी आठवतं ना? दिल्ली, २०१०. विद्यापीठाच्या रसायनशास्त्र विभागातला वर्षानुवर्षं न वापरलेला गॅमा सेल (नमुन्यांवर किरणांचा मारा करायचं यंत्र) फेब्रुवारीत लिलावात भंगारात गेला, आत कोबाल्ट-६०. भंगार बाजारात तो फोडला. उघडकीस आलं एप्रिलमध्ये, भंगारवाल्याची काळी पडलेली कातडी आणि गळलेले केस पाहून डॉक्टरांना शंका आली तेव्हा. एक माणूस गेला. एईआरबी-बीएआरसीच्या लोकांनी पुढे तुकडे शोधून काढले, ते काम नेटकं झालं. पण फेब्रुवारी ते एप्रिल या मधल्या दिवसांत त्या बाजारापासून काही किलोमीटरच्या आत किती इस्पितळं होती, किती आरएसओ होते!

खवट_खोबरं

@कृष्णाकाठ, हजेरीचं वाचून मी माझी पहिली शंका मागे घेतो. दुसरी ठेवतो.

सायोनारा_सदाशिव

मार्च २०११मध्ये, फुकुशिमाच्या अणुदुर्घटनेवेळी, मी जपानमध्ये होतो, पण तिथून दूर. विषय निघालाय म्हणून दोन ओळी.

तेव्हा निर्वासितांची तपासणी करायला ठिकठिकाणच्या इस्पितळांतले रेडिओग्राफर गेले होते, आपण ज्यांना एक्स-रेवाले म्हणतो ते. अंग धुवायला पाठवायची मर्यादा आधी मिनिटाला १३ हजार काउंट्स (मीटरच्या कटकटी) होती. ती १४ मार्चला १ लाखावर नेली. ऐकायला भयंकर वाटतं, लोक चिडलेही. पण थंडी कडाक्याची, पाणी तुटपुंजं, वीज नाही. म्हातारी माणसं गार पाण्यात उभी करायची की थोडी धूळ चालवून घ्यायची, हा हिशेब होता. काही निवाऱ्यांच्या दारात तपासणीचा दाखला मागत. म्हणजे तो कागद रेशनकार्डासारखा झाला. तो कागद देणारा माणूस तंत्रज्ञ राहत नाही, फौजदार होतो. तुमच्या सरावात याचं काही शिकवतात का?

लिंबलोण

@सायोनारा_सदाशिव, शिकवतात, अर्ध्या तासात. म्हणजे नाहीच. मर्यादा ठरवायचा अधिकार आमचा नसतो, वरून आकडा येतो. पण तो का बदलला हे रांगेतल्या माणसाला सांगायचं आमच्याच वाट्याला. आणि त्यात इथे एककांचा घोळ! जग सिव्हर्टमध्ये, आम्ही अजून रेममध्ये. १ रेम म्हणजे १० मिलिसिव्हर्ट. शनिवारी एका पोरानं मायक्रोच्या जागी मिली लिहिलं आणि कागदोपत्री एका आज्जींना अतिदक्षता विभागात पाठवायची वेळ आणली. आज्जी तोवर पिझ्झा खात होत्या.

दाखला बाहेर जाऊन काय करेल याचा विचार मी खरंच केला नव्हता. गोयानियात मेलेल्या सहा वर्षांच्या मुलीला शिशाच्या पेटीत पुरलं, तरी दफनाच्या वेळी लोकांनी दगडफेक केली. तिथे कुठला दाखला उपयोगी पडला असता?

द्राक्षवेल

आज आमच्या इस्पितळाच्या आरएसओ मॅडमना जाऊन भेटले. सहा वर्षं एकाच इमारतीत आहोत, नाव माहीत नव्हतं. त्यांनी कॅज्युअल्टीत येऊन तासभर बोलायचं कबूल केलंय. धुळवडीचं उदाहरण मी त्यांना दिलं, त्यांनी वहीत लिहून घेतलं.

मॅडम म्हणाल्या ते इथे लिहिते. लोक सगळ्यात आधी आयोडीनच्या गोळ्या विचारतात. त्या फक्त थायरॉइडला, फक्त किरणोत्सारी आयोडीनपासून वाचवतात, त्याही वेळेवर घेतल्या तर. कोबाल्ट-सिझियमला काही उपयोग नाही. मेडिकलमधून आणून ठेवू नका, मनानं घेऊ नका.

खवट_खोबरं

माझ्या बायकोनं आणून ठेवल्यात. दाखवतो हा प्रतिसाद.

कृष्णाकाठ

लिंबलोण यांच्या धाग्याला जागून आज जिल्ह्याच्या आपत्ती व्यवस्थापन कक्षात फोन केला. तिथल्या साहेबांशी झालेलं बोलणं जसंच्या तसं (त्यातलं आपदा मित्र म्हणजे आपत्तीत मदत करणाऱ्या स्वयंसेवकांचं सरकारी प्रशिक्षण):

"रेडिएशन म्हणजे मोबाईल टॉवरचं का?"
"नाही साहेब, इस्पितळातलं, कारखान्यातलं, वेल्डिंग तपासायच्या रेडिओग्राफी कॅमेऱ्यातलं. कधी भंगारात काही सापडलं, ट्रक उलटला, तर मोजून सांगू शकतो."
"आपदा मित्र केलंय का तुम्ही?"
"नाही."
"पोहता येतं का?"
"येतं."
"मग बरंय."

माणूस चांगला होता. वीस मिनिटं ऐकून घेतलं, मीटर कुठल्या कंपनीचा, सेल किती दिवस टिकतात, रात्री फोन केला तर उचलाल का, सगळं विचारलं. शेवटी म्हणाला, तुमच्यासाठी वेगळा रकाना नाही, पण नंबर घेऊन ठेवतो. संध्याकाळी यादीचं पान व्हॉट्सअॅपवर पाठवलं. बोटवाले, पाणबुडे, क्रेनवाले, सर्पमित्र. मी सर्पमित्रांत, शेवटून दुसरा.

बोईसरकर

अभिनंदन. आता रात्री-अपरात्री फोन येतील.

कृष्णाकाठ

आला. काल, पावणेदहाला. धामण होती. वरच्या नंबरवाल्याला जोडून दिलं.